पडलेला दात दुधात घालून दवाखाना गाठला

रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या होम मैदानावर बॅट लागून पुतण्याचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. दात पक्का होता म्हणून धडपड. दुधाचा असता तर परत बसवत नाहीत. मुळाला हात न लावता, पांढऱ्या भागाला धरून उचलला. माती दुधानेच हलकेच धुतली, घासली नाही. मग चहाच्या गाडीवरून घेतलेल्या थंड, बिनसाखरेच्या दुधात टाकला. साध्या पाण्यात मुळावरच्या पेशी मरतात, अर्ध्या तासात बसवला तर दात टिकायची आशा जास्त. सुट्टीच्या दिवशी दवाखान्यांच्या पाट्या बघत सात रस्ता चौकात फिरण्यापेक्षा वहिनीने रिक्षातूनच ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दवाखाना उघडून दात बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी केली. तार दोन आठवडे. तोवर कडक भाकरी बंद, म्हणून साहेब रुसलेत.