इंग्लंडमध्ये घराचा फ्यूज बोर्ड बदलताय? आधी दाखल्यांचं ठरवा

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं की जिन्याखालच्या कपाटात बऱ्याचदा तार बांधायच्या फ्यूजचा जुनाट बोर्ड सापडतो. इंडक्शन शेगडी किंवा गाडीचा चार्जर बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन तो बघतो आणि म्हणतो, आधी हा बदला. पुण्या-मुंबईत आपण ओळखीच्या वायरमनला बोलावतो, संध्याकाळपर्यंत नवे एमसीबी बसतात, पैसे दिले की विषय संपला. इथे तेवढ्यावर भागत नाही. बांधकाम नियमांच्या ‘पार्ट पी’नुसार फ्यूज बोर्ड, म्हणजे कन्झ्युमर युनिट, बदलल्याचं काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) बिल्डिंग कंट्रोल, म्हणजे बांधकाम नियम बघणाऱ्या, विभागापर्यंत पोहोचावंच लागतं. जुन्या सॉकेटच्या जागी नवं सॉकेट लावायला हे लागत नाही, बोर्डाला लागतं. (वेल्समध्ये कळवायच्या कामांची यादी मोठी आहे, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं.)

शेवटी तुमच्या हातात दोन कागद यायला हवेत आणि गोंधळ इथेच होतो. पहिला, इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट: काम बीएस ७६७१ या वायरिंगच्या मानकाप्रमाणे झालं आणि तपासलं गेलं, हे त्यात असतं. दुसरा, बिल्डिंग रेग्युलेशन्स कम्प्लायन्स सर्टिफिकेट: काम रीतसर कळवलं गेलं, एवढंच तो सांगतो. घर विकताना वकील दुसऱ्या कागदाच्या मागे लागतो, पण काम सुरक्षित झालंय का ते पहिला सांगतो.

पायरी १: कळवणार कोण, ते ठरवा

सोपा रस्ता म्हणजे एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या, इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या योजनेत नोंदलेला इलेक्ट्रिशियन. तो स्वतःच्या कामाला स्वतः प्रमाणित करू शकतो आणि कळवायचं कामही त्याच्यामार्फतच होतं. व्हॅनवरच्या स्टिकरवर मात्र विसंबू नका. त्या योजनेच्या वेबसाइटवर नाव शोधा आणि घरगुती कामासाठी नोंदणी चालू आहे ना, ते बघा.

इलेक्ट्रिशियन नोंदलेला नसेल, तर काम सुरू होण्याआधी बिल्डिंग कंट्रोलला अर्ज आणि फी द्यावी लागते, किंवा नोंदणीकृत त्रयस्थ तपासनीस नेमावा लागतो. तोही आधीच, काम उरकल्यावर गाठलेला तपासनीस चालत नाही. स्वस्तातला माणूस या फीसकट बहुतेकदा महागच पडतो.

पायरी २: कोटेशनमध्ये लिहून घ्या

दोन्ही दाखले किमतीत धरलेत, असं स्पष्ट लिहून मागा. शेवटचा हप्ता इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट मिळाल्यावर, हेही आधीच ठरवा. ‘मायनर वर्क्स’चा दाखला देतो म्हणाला तर नको म्हणा, बोर्ड बदलायला तो पुरत नाही. नवा बोर्ड कशाचा आहे हेही विचारा. २०१६पासून घरातल्या बोर्डाचं आवरण न जळणारं लागतं, म्हणून हल्ली ते पत्र्याचं असतं. सर्ज प्रोटेक्शनबद्दलही (व्होल्टेज अचानक उसळल्यास संरक्षण) बोलून घ्या.

पायरी ३: जुनं वायरिंग आधी तपासू द्या

ही पायरी गाळू नका. जुन्या घरांत एक दोष नेहमी सापडतो: जिन्यातल्या दिव्याची फेज खालच्या लाइटिंग सर्किटवरून आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून. जुन्या फ्यूजला त्याचं काहीच वाटत नाही. नव्या बोर्डात मात्र हल्ली बहुतेकदा प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (करंटची गळती आणि जादा भार दोन्ही ओळखणारा स्विच) असतो, जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की तो पडतो. मग पहिल्याच रात्री जिन्याचा दिवा लावला की आरसीबीओ ट्रिप. हे आधी कळलं तर दुरुस्तीचा खर्च कोटेशनमध्ये येतो. नंतर कळलं तर वाद होतो. गॅस आणि पाण्याच्या पाइपांना अर्थिंगची जोडणी आहे का, तेही याच वेळी बघितलं जातं; ती बहुतेक घरांत १० चौरस मिलिमीटर तांब्याची लागते. मीटरजवळच्या मुख्य फ्यूजचं सील वितरण कंपनीच्या मालकीचं असतं. त्याला तुम्ही स्वतः हात लावू नका.

पायरी ४: सर्टिफिकेट वाचा

पत्ता बरोबर आहे का, आराखडा, जोडणी आणि तपासणी या तिन्हींसाठी सह्या आहेत का, ते बघा. तिन्ही एकाच माणसाच्या असू शकतात. सोबत तपासणीची यादी आणि चाचण्यांचा तक्ता नसेल, तर दाखला अपुरा.

तक्त्यातले आकडे बघून घाबरू नका, बेरीज येत असली की पुरे. पुरवठ्याचा अर्थ-लूप इम्पीडन्स (बिघाडाचा करंट अर्थिंगमधून परतण्याच्या वाटेचा अडथळा) ‘झेडई’ ०.२० ओहम आणि एखाद्या सर्किटचा ‘आर१+आर२’ (त्याच्या फेज आणि अर्थ वायरचा मिळून रोध) ०.४५ असेल, तर त्या सर्किटचा एकूण अडथळा ‘झेडएस’ साधारण ०.६५ यायला हवा. थोडा फरक चालतो. पण प्रत्येक सर्किटच्या वायरची लांबी वेगळी असताना सगळ्या ओळींत हाच आकडा असेल, तर चाचणीचा मीटर लावलाच नाही असं समजा आणि विचारा. इन्सुलेशनच्या रकान्यात मात्र सगळीकडे सारखा आकडा असू शकतो, कारण चाचणीचा मीटर जास्तीत जास्त जितकं मोजू शकतो, तो आकडाच तिथे लिहिला जातो. आरसीडी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) त्याच्यावर लिहिलेल्या गळतीच्या करंटला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा.

पायरी ५: दुसऱ्या कागदाची वाट बघा

नोंदलेल्या इलेक्ट्रिशियनचं काम असेल, तर कम्प्लायन्स सर्टिफिकेट ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर इलेक्ट्रिशियनला आणि मग थेट त्याच्या योजनेला विचारा. पुढे हरवलं तर प्रतही तिथूनच मिळते.

हे सांभाळून ठेवा, कारण घर विकताना विक्रेत्याने भरायच्या घराच्या माहितीच्या टीए६ फॉर्ममध्ये १ जानेवारी २००५ नंतर विजेचं काम झालं का, असा प्रश्न असतो.

काम कळवलंच गेलं नव्हतं असं उशिरा लक्षात आलं, तर काउन्सिलकडे ‘रेग्युलरायझेशन’चा, म्हणजे झालेलं काम मागाहून नियमित करून घेण्याचा, अर्ज करता येतो. फी पडते, चाचण्या कराव्या लागतात. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून ईआयसीआर (वायरिंगच्या स्थितीचा) रिपोर्ट घेता येईल, पण तो वायरिंगची आजची अवस्था सांगतो, राहिलेल्या दाखल्याची जागा घेत नाही. वकील कधी कधी यावर इन्डेम्निटी विमा सुचवतात. ती पॉलिसी काउन्सिलच्या कारवाईचा खर्च सोसते. वायरिंग मात्र कुणीच बघत नाही. घरात राहणार असाल तर आधी चाचण्या करून घ्या.