गोष्ट नक्की कोणाच्या डोळ्यातून चाललीये हे कसं ओळखायचं

शाळेत शिकवतात की 'मी' असेल तर प्रथमपुरुषी आणि 'तो/ती' असेल तर तृतीयपुरुषी, झालं, विषय संपला. पण तेवढ्याने काही कळत नाही. सर्वनामाकडे बघण्यापेक्षा एकच प्रश्न विचारा, ही माहिती कोणाकडे आहे?

उदा. 'सुमनने दार उघडलं. बाहेर दादा उभा, नेहमीसारखा तासभर उशिरा आणि हात हलवत.' वाक्य तृतीयपुरुषीच आहे, पण 'दादा' कोण म्हणतंय, 'नेहमीसारखा' हा टोमणा कोणाचा? सुमनचाच ना. म्हणजे निवेदक (गोष्ट सांगणारा) तिच्या डोक्यात बसलाय. खात्री करायची तर 'सुमनने'च्या जागी 'मी' टाकून वाचा, बाकी एक शब्दही बदलावा लागत नाही. आता पुढे 'दादाला आत यायची लाज वाटत होती' असं आलं की थांबा, हे सुमनला कसं कळलं? एकतर निवेदक सर्वज्ञ आहे आणि तो सगळ्यांच्याच मनात डोकावतो, नाहीतर लेखकाचा हात सुटलाय (नवीन लिहिणाऱ्यांचं बहुतेक हेच होतं). 'दादा चपलेशी उगाच खेळत राहिला' केलं की काम झालं, लाज सुमनला दिसली आणि आपल्यालाही.

आणि 'मी' असला तरी तो लेखक नसतो हं. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (1963) ही कादंबरी सांगतो तो तिच्यातला पांडुरंग सांगवीकर, नेमाडे नाही, त्यामुळे त्याची मतं थेट नेमाड्यांच्या नावावर टाकू नका. असा 'मी' काय लपवतोय, कुठे फेकतोय हे पकडण्यातच तर खरी मजा असते.