घरच्या रेकॉर्डिंगसाठी व्हर्च्युअल ड्रम कसे निवडावेत

व्हर्च्युअल ड्रम, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणारे ड्रम, कुठले घेऊ, असं कुणी विचारलं की समोरचा लगेच एक नाव फेकतो. गाणं कसलं, कॉम्प्युटर कुठला, वाजवणार कशावर, यातलं काहीही न विचारता. सगळ्यात महाग ते घे. सगळ्यात जास्त जीबीचं ते घे. नाहीतर, फुकटातलं पुरे, बाकी मिक्सिंगमध्ये सांभाळता येतं. हे तिन्ही सल्ले ऐकून मी कंटाळलोय. नाव शेवटी ठरवायचं असतं. त्याआधीच्या पायऱ्या खाली दिल्यात. तिसरी मुद्दाम लांबवली आहे, कारण निवड खऱ्या अर्थाने तिथेच होते. बाकीच्या पटापट उरका.

१. गाण्याला काय हवंय ते ठरवा

खरा ड्रमर बसून वाजवतोय असं वाटायला हवं, की ड्रम मशीन हवं? हिप-हॉप, हाउस, सिंथ-पॉप करणाऱ्यांनी मोठमोठ्या ड्रम लायब्रऱ्यांच्या (रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांच्या संग्रहांच्या) वाटेला जायचं कारण नाही. १९८० सालच्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्ये सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, नव्हतेच, सगळे आवाज सर्किटमधून निघायचे. १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये हाय-हॅट आणि सिंबल तेवढे सॅम्पल केलेले होते, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) सर्किटचेच. दोन्ही मशीनमध्ये ठोका दरवेळी जवळपास सारखाच पडतो आणि लोकांना तेच आवडतं. अशा आवाजांसाठी सुट्या वेव्ह फाइल आणि त्या वाजवणारा एक साधा सॅम्पलर बास झाला, मग तो एबलटनचा ड्रम रॅक असो की सितालासारखं छोटं प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा प्रोग्राम). तुमचं काम एवढंच असेल तर सॅम्पल गोळा करा आणि गाणं करायला बसा.

खाली जे लिहिलंय ते खरा ड्रमसेट हवा असणाऱ्यांसाठी.

२. तुमच्याकडे ते चालणार का?

प्लगइनचे प्रकार असतात, आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी लॉजिकला एयू लागतं, प्रो टूल्सला एएएक्स, बाकी बहुतेक ठिकाणी व्हीएसटी३ चालतं. डिस्कवर जागा किती लागते ते आधीच बघा. सुपीरियर ड्रमर ३ या ड्रम प्लगइनची मूळ लायब्ररी सुमारे २३० जीबीची आहे, आणि एवढी लायब्ररी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवून काम करायचं तर नुसतं किट लोड होईपर्यंत सूर डोक्यातून निघून जातो. एसएसडीवरच ठेवा.

एक सापळा मात्र नीट सांगतो. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरवर चालणाऱ्या लायब्रऱ्या दोन जातीच्या असतात. काही फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेयरवर चालतात, काहींना पूर्ण कॉन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं. दुसऱ्या जातीची लायब्ररी प्लेयरमध्ये उघडते, छान वाजतेही, आणि १५ मिनिटांनी बंद पडते. स्वस्तात मिळालेल्या किंवा कुणीतरी फुकट वाटलेल्या ड्रम लायब्ररीच्या बाबतीत हे हमखास होतं. पानावरचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय डाउनलोडसुद्धा करू नका.

३. परीक्षा घ्या

कंपनीचा डेमो ऐकून ड्रम घेऊ नका. डेमोमध्ये तुम्ही ड्रम ऐकत नसता, तयार मिक्स ऐकत असता. त्यावर कॉम्प्रेशन, रिव्हर्ब, मास्टरिंग सगळं झालेलं असतं आणि वाजवणारा कसलेला असतो. त्या थाटात कुठलंही किट भारीच वाटतं. मलाही हे उशिरा उमगलं, आणि तेव्हापासून मी एकच मिडी फाइल करून ठेवली आहे (तिच्यात आवाज नसतो, कुठला ठोका कधी आणि किती जोरात एवढंच असतं). नवीन काहीही आलं की आधी तीच फाइल त्यावर वाजवतो. तुम्हीही करा, अर्ध्या तासाचं काम आहे. बऱ्याच कंपन्या काही दिवसांची चाचणी आवृत्ती देतात. जी देत नाही, तिच्या किटचे सुटे ठोके ऐकवणारे व्हिडिओ शोधा.

ऐकण्याआधी प्लगइनच्या मिक्सरवरचे कॉम्प्रेसर, इक्यू, रिव्हर्ब बंद करा आणि रूम माइकचे (खोलीचा घुमारा टिपणाऱ्या माइकचे) फेडर खाली ओढा. उघडाबोडका आवाज ऐकायचाय.

पहिली चाचणी, स्नेअर. स्नेअर नोट ३८ वर असतो. सोळा ठोके, सगळ्यांची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, १ ते १२७) १००. खऱ्या ड्रमरचे दोन ठोके कधीच तंतोतंत सारखे नसतात, म्हणून चांगल्या लायब्ररीत एकाच जोराचे अनेक ठोके रेकॉर्ड करून ते आलटून-पालटून वाजवतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. ते नसेल तर भरभर वाजवलेला स्नेअर मशीनगनसारखा तडतडतो. कानाला खात्री वाटत नसेल तर हे करा. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, टेम्पो १२०, आणि प्रत्येक बीटवर एक ठोका, म्हणजे मागच्याचं शेपूट पुढच्यात मिसळत नाही. या हिशेबात दोन ठोक्यांमध्ये बरोबर २४,००० सॅम्पलचं (इथे अर्थ डिजिटल आवाजाच्या मोजमापाचे बिंदू) अंतर पडतं, अपूर्णांकाची भानगड राहत नाही. ट्रॅक ऑडिओत काढा, तीच ऑडिओ दुसऱ्या ट्रॅकवर एक बीट सरकवून ठेवा आणि तिची फेज उलटी करा, म्हणजे लहर वरची खाली. आता दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवल्यावर एखाद्या ठोक्याच्या जागी पूर्ण शांतता झाली, तर तिथे तोच सॅम्पल लागोपाठ दोनदा वाजलाय. प्रत्येक ठोक्यावर शांतता असेल तर ते किट सोडून द्या. अधूनमधून एखादी जोडी जुळली तर बिघडत नाही.

दुसरी चाचणी, जोर. तोच स्नेअर व्हेलॉसिटी १० पासून १२७ पर्यंत चढवत न्या. जोर वाढतो तेव्हा नुसता आवाज मोठा होऊन भागत नाही, पोत बदलायला हवा. हलक्या ठोक्यात खालच्या तारांची सळसळ जास्त आणि कातड्याचा टणका कमी असतो. जोरात मारला की कडा आणि लाकूड बोलायला लागतं. फसवणूक पकडायची सोपी युक्ती अशी: व्हेलॉसिटी ३० चा ठोका आणि ११० चा ठोका ऑडिओत काढून दोघांची पातळी सारखी करा. दोन्ही एकसारखेच ऐकू आले, तर एकच सॅम्पल लहान-मोठा करून तुमच्या गळ्यात मारलाय. उलट काही लायब्रऱ्यांत चढ मध्येच तुटतो. ७९ पर्यंत मऊ, ८० ला एकदम फाडकन. असा स्नेअर गाण्यात कायम कुठेतरी ठेच खातो आणि एकेक नोट दुरुस्त करत बसावं लागतं.

तिसरी चाचणी, हाय-हॅट. बहुतेक किटं इथे उघडी पडतात. किक आणि स्नेअर चांगले वाजवणं आज कुणालाही जमतं, मिक्समध्ये त्यांच्यावर वाटेल तेवढी मलमपट्टीही होते. हाय-हॅट गाणंभर चालू असतो आणि त्याला लपायला जागा नाही. जनरल मिडीच्या यादीत हाय-हॅटला तीनच नोटा आहेत: बंद ४२, पायाने ४४, उघडा ४६. चांगल्या किटमध्ये बंद आणि उघडा यांच्यामध्ये आणखी चार-पाच पायऱ्या सापडतात, शिवाय काडीचं टोक आणि काडीचा दांडा यांचे ठोके वेगळे. उघडा ठोका मारून लगेच पायाची नोट द्या. आवाज तिथल्या तिथे मिटला पाहिजे, आणि मिटताना दोन पत्रे एकमेकांवर बसल्याचा ‘छप्’ ऐकू यायला हवा. उघडा हॅट मागे तसाच लोंबकळत राहिला किंवा कात्रीने कापल्यासारखा तुटला, तर माझ्याकडून ते किट नापास. एवढ्या एका कारणावरून मी नावाजलेली किटं नाकारली आहेत आणि पुढेही नाकारेन.

चौथी चाचणी तुमचं स्वतःचं गाणं. एक साधा ग्रूव्ह (ड्रमचा ठेका) घ्या: दोन आणि चारला स्नेअर ११० च्या आसपास, मधे घोस्ट नोट (अगदी दबके ठोके) २५ ते ४०. ग्रूव्ह दोन हात, दोन पायांना वाजवता येईल असाच लिहा. क्रॅश आणि स्नेअर एकत्र पडतात तिथे हाय-हॅटवरचा हात मोकळा नसतो, हे लक्षात ठेवा. बास आणि गाणं चालू ठेवून, सगळ्या किटची पातळी सारखी करून ऐका. पातळी सारखी केली नाही तर जे मोठ्याने वाजतं तेच चांगलं वाटतं, मग कान कितीही तयार असो. एकटं ऐकताना बारीक, कोरडं वाटलेलं किट गाण्यात किती वेळा नेमकं बसतं ते बघून आश्चर्य वाटेल. आणि एकटं ऐकताना छाती दणाणून सोडणारं किट बासच्या अंगावर चढतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ह्युमनाइझ’चं बटण दाब, सगळं खरं वाटायला लागेल. नाही वाटत. ते बटण नोटा मनाला येईल तशा मागेपुढे ढकलतं. ड्रमर मनाला येईल तसं वाजवत नाही. त्याचा कमजोर हात हलका पडतो, हाय-हॅटवर बीटचा ठोका ठळक आणि मधला दबका असतो, कडव्यातून ध्रुवपदाकडे जाताना जोर हळूहळू चढतो. हे सगळं हाताने लिहावं लागतं, आणि ते ऐकू येण्यासाठी किटमध्ये आधी तेवढे थर (वेगवेगळ्या जोराचे रेकॉर्ड केलेले ठोके) असावे लागतात. म्हणून सांगतो, वीस किट उथळ असण्यापेक्षा एक किट खोल असलेलं कधीही बरं.

४. आता नावं

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर लॉजिकवाल्यांकडे आत दिलेलं ड्रम किट डिझायनर आहेच, आधी ते पिळून काढा. एमटी पॉवर ड्रम किट २ फुकट मिळतं, आवाज आधीच मिक्ससाठी घडवलेला आहे. सरळ रॉकसाठी झटपट कामाला येतं, पण कोवळ्या गाण्यात ओरडतं. स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ चीही फुकट आवृत्ती आहे. लिनक्सवर असाल तर ड्रमगिझमो बघा, मुक्त स्रोत आहे आणि माइक वेगवेगळे मिळतात.

पैसे घालायचे तर आधी स्वतःला विचारा, तुम्ही गाणी लिहिणारे की मिक्स करणारे? गाणी लिहिणाऱ्याला ईझीड्रमर ३ किंवा अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २ सोयीचं. आवाज तयार असतो, ग्रूव्ह ओढून टाकता येतात. सुपीरियर ड्रमर ३ आणि बीएफडी३ कच्चा माल देतात, भरपूर माइक आणि त्यांचं एकमेकांत झिरपणं यांसकट. ज्याला ओव्हरहेड (किटच्या वर टांगलेले माइक) आणि रूम यांचं काय करायचं ते कळत नाही, त्याने सुपीरियर घेतलं तर गाणं पहिल्या दिवशी ईझीड्रमरपेक्षा वाईट वाजेल. प्लगइनमध्ये खोट काहीच नसते, मिक्सचं काम तेवढं त्याच्या अंगावर आलेलं असतं.

५. जोडणी

किक ३६, स्नेअर ३८, बाकी नकाशा मॅन्युअलमध्ये. नोटांची नावं बघू नका, आकडेच बघा. नोट ३६ ला कुणी सी१ म्हणतं, कुणी सी२, आणि त्यात दुपार जाते.

पॅडवर किंवा कीबोर्डवर वाजवणार असाल तर व्हेलॉसिटी कर्व्ह आधी लावा. तुमचा नेहमीचा ठोका ९० ते १०० मध्ये पडला पाहिजे. सगळंच १२७ ला जाऊन चिकटत असेल तर विकत घेतलेले सगळे थर वाया. वाजवताना ऑडिओ सेटिंगमधला बफर १२८ ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झवर त्याने जेमतेम ३ मिलिसेकंदांच्या उशिराची भर पडते. १०२४ वर ती २३ च्या वर जाते आणि हात चुकायला लागतात. मिक्स करताना १०२४ खुशाल ठेवा.

६. वेगळे आउटपुट

किक, स्नेअर, टॉम, ओव्हरहेड, रूम हे वेगवेगळ्या ट्रॅकवर काढता येतात का, ते विकत घेण्याआधी तपासा. सगळं एकाच स्टीरिओ ट्रॅकमधून येत असेल तर नंतर स्नेअर उचलायला गेलात की सिंबलही वर येतात.

स्नेअरखाली एखादा सुटा सॅम्पल जोडायचा असेल तर दोन्ही लहरी मोठ्या करून बघा. पहिलं शिखर दोघांचंही एकाच दिशेला हवं आणि एकाच क्षणी सुरू व्हायला हवं. सॅम्पल जोडल्यावर स्नेअर जाड होण्याऐवजी बारीक झाला तर फेज उलटी करून ऐका, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

७. गाणं संपलं की ऑडिओ काढा

मिक्सला बसण्याआधी प्रत्येक ड्रमचा ट्रॅक ऑडिओत काढून ठेवा. मिडी पुसू नका, म्यूट करून बाजूला ठेवा, आणि ट्रॅकच्या नावात किटचं नाव आणि प्लगइनची आवृत्ती लिहून टाका. प्लगइन बदलतात, परवाने दुसऱ्या कॉम्प्युटरवर अडकतात, आणि दोन वर्षांनी कुणी त्याच गाण्याचा नवा मिक्स मागितला तर ऑडिओ फाइल कुठेही उघडते.