बीड-आधारित मल्टिप्लेक्स इम्युनोअसे: आधी पॅनेल, मग किट, शेवटी यंत्र

बीड-आधारित मल्टिप्लेक्स इम्युनोअसेमध्ये सूक्ष्म मण्यांवर (बीड) वेगवेगळ्या अँटिबॉडी बसवून एकाच वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या एका खळग्यात, अनेक घटक मोजतात. एकाच नमुन्यातून दहा-वीस सायटोकाइन (पेशींची संदेशवाहक प्रथिने) मोजायचे ठरले की प्रयोगशाळेत पहिली चर्चा यंत्राची सुरू होते. खरे तर ती सगळ्यात शेवटी व्हायला हवी. आधी एका कागदावर तीन रकाने काढा: कोणते घटक मोजायचे (हेच पॅनेल), तुमच्या नमुन्यात ते साधारण किती प्रमाणात असतील आणि प्रत्येक नमुना किती मायक्रोलिटर हाती लागणार. हे तीन रकाने भरले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

नमुन्याचे आकारमान आधी पाहा. उंदराच्या शेपटीतून १००-१५० मायक्रोलिटर रक्त काढले तर सीरम जेमतेम ५०-६० मायक्रोलिटर मिळते. एलायझाला, म्हणजे एका वेळी एकच घटक मोजणाऱ्या चाचणीला, एका वेलमध्ये साधारण १०० मायक्रोलिटर भरावे लागते. प्रत्येक मोजणी दोनदा (डुप्लिकेट) धरून दहा घटकांचा हिशोब २ मिलिलिटरवर जातो, म्हणजे विषयच संपला. बीडच्या किटमध्ये वेलमागे २५ ते ५० मायक्रोलिटर पुरतात आणि त्यातच सगळे घटक मोजले जातात. सीरम दुप्पट विरल केले आणि वेलमागे २५ मायक्रोलिटर घेतले, तर डुप्लिकेटला मूळ सीरम फक्त २५ मायक्रोलिटर लागते. उलट, घटक दोन-तीनच असतील आणि नमुना भरपूर असेल, तर मल्टिप्लेक्सच्या नादी लागू नका. चांगला एलायझा स्वस्त पडतो आणि बहुतेक वेळा जास्त विश्वासार्हही ठरतो.

दुसरा रकाना प्रमाणाचा, आणि सर्वाधिक गफलत इथेच होते. निरोगी माणसाच्या रक्तात आयएल-६ (एक सायटोकाइन) मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम असते, तर सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. हा फरक लाखो पटींचा आहे. आयएल-६ साठी नमुना दोन-चार पट विरल करायचा, सीआरपीसाठी शेकडो-हजारो पट. दोन्ही एका वेलमध्ये बसवता येत नाहीत. जबरदस्तीने बसवले तर जास्त असलेला घटक बीडवरची आणि शोधक अशी दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळी व्यापून टाकतो, दोन अँटिबॉडींमध्ये घटक अडकून होणारे सँडविच बनत नाही आणि सिग्नल वाढण्याऐवजी उतरतो. यालाच हुक इफेक्ट म्हणतात. आकडा दिसायला अगदी साळसूद असतो, म्हणून तो जास्त धोकादायक.

टीजीएफ-बीटा हा असाच एकलकोंडा घटक. तो सुप्त रूपात असतो, मोजण्याआधी नमुन्याला आम्लाची प्रक्रिया द्यावी लागते आणि त्या प्रक्रियेत इतर सायटोकाइनांचे मोजमाप बिघडते. म्हणून त्याचे किट वेगळेच घ्यावे लागते. पेशी एफबीएस (गायीच्या गर्भाचे सीरम) घातलेल्या माध्यमात वाढवल्या असतील तर त्या सीरममधलाही टीजीएफ-बीटा मोजला जातो. नुसत्या माध्यमाचा कंट्रोल लावल्याशिवाय तो आकडा वापरू नये. विद्राव्य रिसेप्टर आणि त्याला चिकटणारा सायटोकाइन एकाच वेलमध्ये मोजणेही टाळावे. त्यामुळे ‘किती प्लेक्स’ (एका वेलमध्ये किती घटक) यापेक्षा ‘माझ्या यादीला किती वेगळ्या प्लेट लागतील’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारा. पंचवीस घटकांच्या यादीला तीन प्लेट लागणार असतील, तर ५०० प्लेक्सचे यंत्र घेऊन उपयोग नाही.

यंत्रांची दोन घराणी आहेत. पहिले ल्युमिनेक्सच्या एक्समॅप तंत्राचे. यातले चुंबकीय बीड ६.५ मायक्रॉनचे असतात. त्यांच्या पोटात लाल आणि इन्फ्रारेड रंग वेगवेगळ्या प्रमाणात भरलेले असतात. त्या मिश्रणावरून बीड कोणत्या घटकाचा हे यंत्र ओळखते. वरच्या सँडविचवर स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाला जोडलेला फायकोएरिथ्रिन हा चमकणारा रंग, म्हणजे पीई, बसतो आणि त्याची चमक घटकाचे प्रमाण सांगते.

या घराण्यात मॅगपिक्स सर्वांत साधे. त्यात लेझर नाही. चुंबक बीडना एका पृष्ठभागावर धरतो, एलईडीच्या उजेडात कॅमेरा फोटो काढतो. कमाल ५० घटक, फक्त चुंबकीय बीड आणि एका प्लेटला साधारण तास. महिन्यात चार-पाच प्लेट चालवणाऱ्या प्रयोगशाळेला आमच्या मते हेच पुरते, कारण देखभाल कमी लागते. ल्युमिनेक्स २०० फ्लो पद्धतीचे, म्हणजे बीड धारेतून लेझरसमोरून जातात: ६३५ नॅनोमीटरचा लाल लेझर बीड ओळखतो, ५३२ चा हिरवा पीई मोजतो. क्षमता १०० घटकांची, चुंबकीय बीड वापरले तर ८०. शीथ फ्लुइड (बीडची धार वाहून नेणारा द्रव) लागते, लेझर तापायला अर्धा तास द्यावा लागतो आणि खोलीचे तापमान कॅलिब्रेशनच्या वेळेपेक्षा काही अंश सरकले की यंत्र इशारा देते. एसी रात्री बंद होणाऱ्या खोलीत ते ठेवू नका. फ्लेक्समॅप ३डी मध्ये ५०० बीड-प्रकार, ३८४ वेलच्या प्लेट आणि अधिक रुंद मोजणी-पल्ला मिळतो. हजारो नमुन्यांच्या अभ्यासालाच ते परवडते. इंटेलिफ्लेक्सच्या दुहेरी रिपोर्टर आवृत्तीत एकाच बीडवर दोन सिग्नल वाचता येतात. एकाच अँटिजेनवरचे आयजीजी आणि आयजीएम (अँटिबॉडीचे दोन प्रकार) एका वेलमध्ये पाहायचे असतील तर हा फायदा खरा. नुसत्या सायटोकाइनसाठी त्याचे जादा पैसे मोजू नयेत.

बायो-रॅडच्या बायो-प्लेक्स २०० सारख्या यंत्रांत तंत्र ल्युमिनेक्सचेच आहे. म्हणजे मर्कचे मिलिप्लेक्स, थर्मोचे प्रोकार्टाप्लेक्स, बायो-रॅडचे बायो-प्लेक्स प्रो अशी वेगवेगळ्या उत्पादकांची किट एकाच रीडरवर वाचता येतात. या घराण्याची खरी ताकद ही. मात्र दोन उत्पादकांचे बीड एका वेलमध्ये मिसळायचे नाहीत. ४५ क्रमांकाचा बीड एकाकडे आयएल-८ चा तर दुसऱ्याकडे भलत्याच घटकाचा असू शकतो आणि यंत्राला फक्त क्रमांक कळतो.

दुसरे घराणे साध्या फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरने मोजणाऱ्या यंत्रावर, चालते: बीडी कंपनीचे सीबीए आणि बायोलेजंडचे लेजंडप्लेक्स. लेजंडप्लेक्समध्ये दोन आकारांचे बीड आणि प्रत्येक आकारात एपीसी रंगाच्या चढत्या पायऱ्या असतात; एका पॅनेलमध्ये साधारण १३-१४ घटकांपर्यंत जाता येते. संस्थेत ४८८ आणि ६४० नॅनोमीटरच्या आसपासचे लेझर असलेला सायटोमीटर असेल, तर नवे यंत्र घ्यायची गरजच नाही. किंमत वेळेत मोजावी लागते. प्लेट-लोडर नसेल तर ९६ नळ्या हाताने चढवाव्या लागतात. प्रत्येक वेळी सेटअप बीड चालवून व्होल्टेज त्याच ठिकाणी आणावे लागते आणि घटकामागे सुमारे ३०० बीड गोळा करावे लागतात, म्हणजे दहा घटकांना किमान ३०००. सामायिक सायटोमीटरवर आधीच्या माणसाच्या पेशींचा कचरा राहिलेला असतो. आधी नीट धुऊन कोरा बफर चालवा आणि त्यात बीडच्या गेटमध्ये (बीड मोजायला आखलेल्या चौकटीत) काही दिसत नाही ना, हे बघा.

रक्तातल्या न्यूरोफिलामेंटसारखे (चेतापेशींचे प्रथिन) अगदी अल्प घटक हवे असतील तर ही दोन्ही घराणी तोकडी पडतात. तिथे एकेक रेणू मोजणारे सिमोआ पाहावे. बीड त्यातही असतात, पण एका वेळी मोजता येणारे घटक फार कमी.

आता किट. माहितीपत्रकातला ‘किमान शोधमर्यादा’ हा आकडा बहुतेक वेळा कोऱ्या बफरच्या सिग्नलमध्ये दोन किंवा तीन प्रमाण विचलने मिळवून काढलेला असतो. तुमच्या कामाचा आकडा वेगळा: विश्वासाने मोजता येणारी खालची पातळी. स्टँडर्ड कर्व्हवरचा (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला आलेख) जो सर्वांत खालचा बिंदू ८० ते १२० टक्के परत मिळतो आणि ज्याचा सीव्ही (पुनःपुन्हा मोजल्यावर आकड्यांत पडणारा टक्केवारीतला फरक) २० टक्क्यांच्या आत राहतो, ती ही पातळी. दोन आकड्यांत कित्येक पटींचा फरक सापडतो. विक्रेता पहिलाच दाखवील, दुसरा मागून घ्यावा लागतो.

खरेदीआधी डेमो मागा आणि तो स्वतःच्या नमुन्यांवर करून घ्या. आठ नमुने पुरतात: तीन निरोगी, तीन आजारी, एक हिमोलाइज झालेला (तांबड्या पेशी फुटलेला), एक चरबीयुक्त. प्रत्येक नमुना १:२, १:४ आणि १:८ विरल करून लावा. विरलनाने गुणल्यावर तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. आकडा विरलनाबरोबर वाढत गेला तर नमुन्यातले काहीतरी सिग्नल दाबते आहे, आणि त्या घटकासाठी जास्त विरलन हवे. एका नमुन्यात माहीत असलेले स्टँडर्ड मिसळून किती परत मिळते ते बघा. शेवटी मोजा, निरोगी गटातले किती जण खालच्या पातळीच्याही खाली गेले. निम्म्याहून जास्त गेले तर ‘आजारात वाढले’ हे वाक्य त्या किटच्या जोरावर लिहिता येणार नाही. त्या घटकासाठी जास्त संवेदनशील किट शोधा.

नमुना कोणता हेही आधी ठरवा. रक्त गोठताना प्लेटलेटमधून रँटेस, व्हीईजीएफ, पीडीजीएफ, विद्राव्य सीडी४० लिगँड हे घटक बाहेर पडतात. सीरममध्ये त्यांचा आकडा फुगतो. हे पॅनेलमध्ये असतील तर ईडीटीए प्लाझ्मा (रक्त गोठू न देता वेगळा केलेला द्रव) घ्या आणि अभ्यासभर त्यावरच राहा. रुमेटॉइड फॅक्टर (अँटिबॉडींनाच चिकटणारी अँटिबॉडी) असलेल्या रुग्णांत तो दोन अँटिबॉडींना नमुन्यातल्या घटकाविना जोडतो आणि खोटा सिग्नल देतो. त्यासाठी किटच्या बफरमध्ये अवरोधक आहे का, हे विचारा.

प्लेटचा हिशोब सरळ आहे. सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक डुप्लिकेटमध्ये म्हणजे १६ वेल, दोन कंट्रोलचे ४. उरले ७६, म्हणजे ३८ नमुने. किटची किंमत ९६ ने नाही, ३८ ने भागा. त्यात शीथ किंवा ड्राइव्ह फ्लुइड, कॅलिब्रेशन किट आणि वार्षिक देखभाल करार मिळवा. १५० नमुन्यांना चार प्लेट लागतील; त्या चारही एकाच लॉटच्या (उत्पादनाच्या एकाच खेपेच्या) मागवा. अभ्यास लांबणारा असेल तर एक मिसळलेला सीरम-नमुना छोट्या नळ्यांत गोठवून ठेवा आणि प्रत्येक प्लेटवर लावा. लॉट बदलल्यावर आकडे किती सरकले हे त्यावरूनच कळते. अभ्यासाच्या मध्यात उत्पादक मात्र बदलू नये. अँटिबॉडीच्या जोड्या आणि स्टँडर्ड वेगळे असल्याने दोन कंपन्यांचे पिकोग्रॅम जुळत नाहीत.

हव्या त्या घटकाचे किटच मिळत नसेल तर कार्बोक्सिल बीडवर ईडीसी आणि सल्फो-एनएचएस ही जोडणारी रसायने वापरून स्वतः अँटिबॉडी जोडता येते. दहा लाख बीडना साधारण ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी लागते आणि वेलमागे २५०० बीड धरले तर त्यातून ४०० वेल निघतात. अँटिबॉडीच्या द्रावणात बीएसए, ट्रिस किंवा ग्लायसिन नको, नाहीतर बीडवर तेच चिकटतात. ईडीसी ओल पकडते. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली सरळ फेकून द्या आणि द्रावण ऐनवेळीच बनवा.

चालवताना बिघडते ते बहुधा बीडच्या संख्येवर. एक्समॅपमध्ये प्रत्येक प्रकाराचे ५० बीड मोजले जायला हवेत. ३५ च्या खाली गेले तर मध्यक डळमळतो. संख्या पडली की आधी नमुना तपासा: वितळवल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर ५ ते १० मिनिटे फिरवून फायब्रिन आणि चरबी काढली होती का? मग धुण्याची पायरी: चुंबकावर प्लेट पुरेशी थांबली का, उलटी करताना बीड वाहून गेले का? मग शेकर, कारण बीड तळाशी बसलेले असतील तर यंत्राची सुई (प्रोब) नुसता द्रव ओढते. सगळ्या प्लेटभर संख्या कमी असेल तर प्रोबची उंची त्याच प्रकारच्या प्लेटवर पुन्हा लावा आणि सुई सोनिकेटरमध्ये साफ करा. संख्या ठीक पण चमक कमी, असे दिसले तर संशय पीईवर: तो उजेडात फिकट पडतो आणि गोठला की वाया जातो. पार्सल आल्याबरोबर किट २ ते ८ अंशांत ठेवा. घाईत उणे वीसमध्ये टाकलेले किट परत येत नाही.

यंत्राचा विचार आता करा. सरकारी संस्थेत जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर किंवा निविदेत अटी लिहिताना ‘इतके प्लेक्स’ एवढेच लिहू नका. इतर उत्पादकांची किट वाचण्याची मुभा, कच्चा डेटा सीएसव्हीत बाहेर काढता येणे, फाइव्ह-पीएल (पाच प्राचलांचा) कर्व्ह जुळवणारे सॉफ्टवेअर, किती संगणकांवर त्याचा परवाना, यूपीएस, आणि सर्व्हिस इंजिनिअर कोणत्या शहरातून किती दिवसांत येणार, हे सगळे लेखी घ्या. ल्युमिनेक्स २०२१ मध्ये डायासोरिनकडे गेली. म्हणून जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षे मिळणार, हे कंपनीकडून पत्रावर मागा. यंत्र बसवल्यावर पैसे चुकते करण्याआधी एकच कंट्रोल तीन दिवस, रोज आठ वेलमध्ये चालवून बघा. एका दिवसातला सीव्ही १० टक्क्यांच्या आणि तीन दिवसांतला २० टक्क्यांच्या आत आला, तरच पोचपावतीवर सही करा.