बटाट्याचा अर्धा युरिया मातीची भर देताना द्या
युरियातलं सगळं नत्र (नायट्रोजन) लागवडीलाच दिलं तर कंद धरायच्या आत त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर मुळांखाली निघून जातं. म्हणून ते दोनदा विभागून द्या.

१. माती परीक्षणाप्रमाणे ठरलेल्या नत्राचा निम्मा हिस्सा लागवडीच्या वेळी द्या. खत बेण्याच्या (लावलेल्या बटाट्याच्या) बाजूला, दोन-तीन बोटं अंतर ठेवून पडू द्या. बेण्याला चिकटलं तर कोंब जळतात.

२. उरलेला निम्मा साधारण ३० दिवसांनी, भर देण्याच्या, म्हणजे झाडांच्या बुंध्याशी माती चढवण्याच्या दिवशीच द्या. आधी वरंब्याच्या कडेने युरिया टाका आणि लगेच मातीने झाका. उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत उडतो. झाकण्यासाठी वेगळी मजुरी लागत नाही, हाच खरा फायदा. मग हलकं पाणी द्या.

हिशोब सोपा आहे: युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे २३ किलो नत्रासाठी ५० किलो युरिया. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत मी तर तीन हप्ते करायला सांगेन.

पानं ओली असताना युरिया फेकू नका, पानं करपतात. आणि कंद पोसू लागल्यावर उशिरा जास्त नत्र देऊ नका. नुसता पाला माजतो, बटाटा उशिरा तयार होतो.