किनाऱ्यालगतच्या घराचा डेक: साहित्य निवडताना या चुका टाळा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्राकाठी नवे घर बांधणाऱ्या बहुतेकांना आज डेक, म्हणजे फ्रेमवर फळ्या बसवून केलेला ओटा, हवा असतो. त्यासाठी फळी सागाची घ्यावी की डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची), रंग गडद असावा की फिकट, यावर बराच खल होतो; तिच्याखालची फ्रेम, ती फळी धरून ठेवणारे स्क्रू आणि खालून हवा खेळण्यासाठी लागणारी मोकळी जागा या गोष्टी मात्र ‘तुम्हीच बघा’ असे म्हणून फॅब्रिकेटरवर सोपवल्या जातात. किनाऱ्यावरचा डेक बिघडतो तो बहुधा आधी स्क्रूपाशी, मग फ्रेममध्ये आणि शेवटी फळीत. म्हणून साहित्याची निवड खालून वर करावी, वरून खाली करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिठाचा विचार न करता पावसाचाच विचार करणे

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण २,००० ते ३,५०० मिमी पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, हे सर्वांना ठाऊक असते. खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन प्रत्येक पृष्ठभागावर बसणारे मीठ मात्र हिशेबात धरले जात नाही. साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलेच पाणी ओढून पाझरू लागते, आणि समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलसर राहते. त्यामुळे पाऊस नसतानाही, अगदी फेब्रुवारीतल्या पहाटेसुद्धा, किनाऱ्यावरच्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो आणि गंजण्याची क्रिया वर्षभर चालू राहते.

यातूनच एक गोष्ट घडते, जी पहिल्यांदा पाहणाऱ्याला उलटी वाटते. पागोळीच्या बाहेर, उघड्यावर असलेले लोखंडी भाग पावसाने धुतले जातात. पडवीच्या छपराखालचे आणि डेकच्या पोटातले भाग मात्र कधीच धुतले जात नाहीत, तेथे मीठ साचत राहते आणि गंज तेथेच लवकर चढतो. म्हणून ‘वर छप्पर आहे, साधे लोखंड चालेल’ हा युक्तिवाद किनाऱ्यावर टिकत नाही. घर कोठे आहे तेही पाहावे लागते. लाटा फुटतात त्या उघड्या पुळणीसमोर मीठ सर्वांत जास्त येते, शांत खाडीकाठी तुलनेने कमी येते, आणि किनाऱ्यापासून आत जाऊ लागले की काही शे मीटरमध्येच त्याचे प्रमाण वेगाने उतरते.

लाकडाचा न्याय वेगळा आहे. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्के असताना चारी बाजूंनी हवा लागणाऱ्या फळीत साधारण १७ ते २० टक्के ओल मुरते, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला त्याहून बरीच जास्त ओल सतत लागते. ती हवेतून मिळत नाही. दोन फळ्यांच्या चिकटलेल्या कडांत, फळी आणि रनर (फळ्यांना खालून आधार देणारी आडवी पट्टी) यांच्यामध्ये, स्क्रूच्या भोकात आणि उघड्या कापलेल्या टोकांत साचलेल्या पाण्यातून मिळते. दमट हवेला दोष देण्याआधी पाणी कोठे साचते ते शोधावे.

रेड ऑक्साइड मारलेल्या बॉक्स पाइपवर विसंबणे

किनाऱ्यावरच्या डेकमध्ये सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. साध्या एम. एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साधे पोलाद) बॉक्स पाइपला बाहेरून रेड ऑक्साइड या गंजरोधक प्रायमरचा आणि ऑइल पेंटचा हात मारला जातो. पाइप आतून कोराच राहतो. कापलेली टोके उघडी असतात, त्यांतून खारी हवा आत जाते, आतल्या बाजूला दव धरते आणि पाइप आतून बाहेर गंजत येतो. बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना हातोडीने हलके ठोकले तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो आणि उघड्या टोकातून तांबड्या पापुद्र्यांचा चुरा खाली पडतो. अशा वेळी वरून पुन्हा रंग देण्यात अर्थ नसतो. तो पाइप बदलावाच लागतो.

त्यावर उपाय म्हणून जी. पी. पाइप, म्हणजे कारखान्यातच जस्ताचा पातळ थर चढवलेला पाइप, सुचवला जातो. तो एम. एस. पेक्षा बरा असला, तरी त्याच्यावरचा जस्ताचा थर बहुधा १० ते २० मायक्रॉनच्या आसपासच असतो, आणि जागेवर वेल्डिंग केले की जोडाभोवतीचे जस्त जळून तेवढा भाग पुन्हा उघडा पडतो. चांगला मार्ग असा, की फ्रेमचे भाग वर्कशॉपमध्ये कापून, भोके पाडून आणि वेल्डिंग पूर्ण करून मगच हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगला (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवण्यासाठी) पाठवावेत आणि जागेवर ते फक्त नट-बोल्टने जोडावेत. भारतीय मानक आयएस ४७५९ नुसार ५ मिमी किंवा त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसावे लागते, म्हणजे थर साधारण ८५ मायक्रॉनचा होतो. बंद पाइपला जस्त आत शिरण्यासाठी आणि निथळण्यासाठी भोके ठेवावी लागतात. ती नसतील तर गॅल्व्हनायझिंगच्या टाकीत पाइप फुटण्याचा धोका असतो, हे फॅब्रिकेटरला आधीच सांगून ठेवावे.

पुळणीच्या अगदी समोर अॅल्युमिनियमची फ्रेम अधिक भरवशाची ठरते, परंतु तिची दोन पथ्ये आहेत. ओल्या सिमेंटशी थेट संपर्क आला की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून स्लॅब आणि फ्रेम यांच्यामध्ये रबरी पॅड ठेवावा. तसेच स्टेनलेसचा स्क्रू थेट अॅल्युमिनियममध्ये बसवला आणि त्या जोडात खारे पाणी शिरले, तर स्क्रू चांगला राहतो आणि त्याभोवतीचे अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. तेथे नायलॉनचे वॉशर वापरावे.

फ्रेम कोणतीही असो, तिच्याखालून वारा वाहिला पाहिजे. कोकणात वाळवी बहुधा जमिनीतून चढते, त्यामुळे डेकचा कोणताही लाकडी भाग मातीला टेकू देऊ नये, आणि खाली वाकून पाहता येईल एवढी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे खांबांवर चढणाऱ्या वाळवीच्या मातीच्या नळ्या वेळीच दिसतात. शोभेसाठी डेकच्या चारी बाजू पट्ट्या मारून बंद करणे म्हणजे पोटातली ओल कायमची कोंडणे होय.

स्क्रूमध्ये काटकसर करणे

हजारो रुपयांच्या फळ्या काळ्या जिप्सम स्क्रूने ठोकलेल्या अनेक ठिकाणी दिसतात, कारण सुताराच्या पिशवीत तेच असतात. हे स्क्रू आतल्या फॉल्स सीलिंगसाठी असतात. पिवळसर जस्त चढवलेले स्क्रूही बाहेरच्या कामाचे नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांनंतर अशा डेकची एक फळी उचकटून पाहावी: स्क्रूचे डोके जागेवर असते, पण फळी आणि रनर यांच्या मधला त्याचा भाग सुईएवढा बारीक झालेला असतो, आणि भोकाभोवतीचे लाकूड काळेनिळे पडलेले असते. हा काळा डाग कुजल्याचा असेलच असे नाही. लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांच्या संयोगाने तो पडतो. मात्र तो दिसला म्हणजे स्क्रू आतून विरघळू लागला आहे असे समजावे.

किनाऱ्यावर स्टेनलेसचा ३१६ हाच ग्रेड मागावा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे तो मिठातल्या क्लोराइडला नेहमीच्या ३०४ या ग्रेडपेक्षा चांगला तोंड देतो. ३०४ वर खाऱ्या हवेत चहाच्या डागांसारखे तपकिरी ओघळ लवकर येतात. दुकानात चुंबक लावून दाखवण्याची पद्धत आहे, पण चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा, किंवा मोठी खरेदी असल्यास मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावाचा थेंब टाकून चाचणी करून घ्यावी. तांबेयुक्त द्रावणाने प्रक्रिया केलेले लाकूड असेल तर ही काळजी दुपटीने घ्यावी, कारण ते तांबे साध्या लोखंडाला आणखी वेगाने खाते.

‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानणे

सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात आहे. गाभ्याबाहेरच्या पांढरट-पिवळट लाकडात तो नाही. ते लाकूड वाळवीला आणि बुरशीला इतर कोणत्याही हलक्या लाकडाइतकेच प्रिय असते. शेतात लावलेल्या कमी वयाच्या सागात हा पांढरा भाग मोठा असतो, आणि पॉलिश चढवल्यावर तो ओळखू येत नाही. म्हणून बल्लारशाचा साग असो, घानाचा असो की बर्माचा असो, फळ्या पॉलिश करण्याआधी स्वतः पाहाव्यात आणि कडेला पांढरी पट्टी असलेली फळी बाजूला काढावी. नावापेक्षा ही तपासणी महत्त्वाची आहे.

ऐन आणि किंजळ ही कोकणातल्या जुन्या घरांच्या तुळया-वाशांत भेटणारी लाकडे मजबूत आहेत, परंतु ऐनाची पातळ फळी डेकवर उन्हाने तडकते. ऐन रनरसाठी वापरावा, पायाखाली नाही. फणसाचे लाकूड छपराखालच्या पडवीत शोभते. आंब्याचे लाकूड बाहेर मुळीच वापरू नये. उष्णता देऊन तयार केलेले थर्मो अॅश किंवा थर्मो पाइन हा नवा पर्याय चांगला आहे, कारण साधारण १८० ते २१५ अंश सेल्सिअसला तापवल्याने ते लाकूड पाणी कमी पिते आणि कमी फुगते. मात्र ते किंचित ठिसूळ होते, त्यामुळे भोक आधी पाडूनच स्क्रू बसवावा, आणि तेही मातीला टेकू देऊ नये.

फळ्या बसवण्याआधी किमान दोन आठवडे त्याच घरात, मध्ये पट्ट्या ठेवून, रचून ठेवाव्यात. घाटावरच्या कोरड्या गोदामातून एप्रिलमध्ये आलेली फळी चिकटून चिकटून बसवली, तर जुलैमध्ये ती फुगून शेजारच्या फळीला उचलते. सुमारे १०० मिमी रुंदीच्या फळ्यांमध्ये ५ ते ६ मिमी फट ठेवावी. १४० मिमीपेक्षा रुंद फळी दिसायला देखणी असते, पण तीच सर्वांत आधी वाकते.

‘मरीन प्लाय’ या नावाने येथे फसगत होते. आयएस ७१० चा शिक्का त्याचा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही आणि लाकडावर प्रक्रिया झाली आहे एवढे सांगतो. उघड्यावर ऊन, पाऊस आणि पाय सोसणारी फळी म्हणून तो बनवलेला नसतो, आणि कापलेल्या कडेतून तो पाणी घेतोच.

डब्ल्यूपीसीला देखभाल लागत नाही असे समजणे

पहिली अडचण नावाची आहे. प्लायवुडच्या दुकानात डब्ल्यूपीसी म्हणून जो हलका, फेसाळ पीव्हीसी बोर्ड मिळतो, तो दारांच्या चौकटी आणि स्वयंपाकघरातील कपाटे यांच्यासाठी असतो. डेकसाठी लाकडाचा भुसा आणि पॉलिइथिलीन यांपासून बनवलेली घन फळी लागते, आणि किनाऱ्यावर तीही वरून प्लास्टिकचे स्वतंत्र कवच असलेली घ्यावी. कवच नसलेल्या फळीतला भुसा पाणी पितो आणि पावसाळ्यात तिच्यावर काळी बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. डब्ल्यूपीसी लांबीच्या दिशेने प्रसरण पावते, सुमारे २.९ मीटरची फळी पहाटेपासून भर दुपारपर्यंत ३० अंशांनी तापली, तर ती ३ ते ४ मिमी लांबते. टोकाला टोक भिडवून बसवली की ती मे महिन्यात कमानीसारखी उचलली जाते. शिवाय तापल्यावर ती मऊ पडते, म्हणून रनरचे अंतर ३०० ते ३५० मिमीच्या पुढे नेऊ नये. पश्चिमेकडे तोंड असलेल्या उघड्या डेकवर गडद तपकिरी डब्ल्यूपीसी टाळावेच. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही.

जेथे डेक नको, तेथे डेकच करणे

अंगणातल्या जमिनीलगत, वारा न लागणाऱ्या आणि चार महिने ओल्या राहणाऱ्या कोपऱ्यात कोणतेही डेकचे साहित्य सुखाने राहत नाही. तेथे जांभ्याचा ओटा करावा आणि त्यावर खरबरीत कोटा किंवा फ्लेम फिनिशचा ग्रॅनाइट बसवावा. पॉलिश केलेली लादी शेवाळ धरली की घसरगुंडी होते. गच्चीवर पेडेस्टलवर (उंची देणाऱ्या छोट्या पायांवर) सुट्या मांडलेल्या टाइल्स सोयीच्या असतात, परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ज्या रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेथे नुसत्या वजनावर बसलेल्या कोणत्याही वस्तूवर विसंबू नये. कडेच्या रांगा तरी पक्क्या बांधाव्यात.

चुकीचा लेप, चुकीच्या महिन्यात

लाकडावर काचेसारखा चमकणारा पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचा थर घराबाहेर चालत नाही. ऊन-पावसाने त्याला बारीक तडे जातात, पाणी थराखाली शिरते आणि पापुद्रे सुटतात. मग संपूर्ण डेक घासून काढण्यावाचून मार्ग उरत नाही. लाकडात मुरणारे, बाहेरच्या वापराचे डेक ऑइल लावावे, जे नुसते धुऊन पुन्हा लावता येते. कच्चे जवसाचे तेल दमट हवेत बुरशीला खाद्य ठरते. डेक ऑइल असो वा जवसाचे, तेलाने भिजलेले बोळे ढिगाने टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत. लेपाचे काम नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, फळी पूर्ण वाळल्यावर करावे. मेच्या अखेरीस घाईघाईने दिलेला हात आतली ओल कोंडतो.

तेल न लावलेला साग राखाडी होतो, आणि तो कुजला असे समजून अनेकजण फळ्या बदलायला निघतात. राखाडी रंग हा उन्हाचा परिणाम असतो आणि तो वरवरचा असतो. खरी परीक्षा स्क्रूड्रायव्हरची आहे: रनरजवळ आणि फळीच्या टोकाशी त्याचे टोक दाबून पाहावे, ते सहज आत गेले तरच लाकूड गेलेले आहे. शेवाळ काढण्यासाठी ब्लीचिंग पावडर टाकू नये, कारण त्यातला क्लोरीन लाकडाचे तंतू सैल करतो आणि स्टेनलेसलाही खड्डे पाडतो. मऊ ब्रश, गोडे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. प्रेशर वॉशरने साग खरवडला जातो.

जुना डेक आधीच हलत असेल, तर फळ्या मागवण्यापूर्वी भिंतीलगतची, छपराखालची एक फळी काढून खालचा रनर पाहावा. रनर चांगला आणि फक्त स्क्रू गेलेले असतील, तर जुन्या भोकांपासून थोडे सरकून ३१६ चे स्क्रू बसवावेत, रनरच्या माथ्यावर ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावावी आणि त्याच फळ्या उलटून वापराव्यात; बऱ्याच डेकना नव्या फळीची गरजच नसते.