सोलापूरहून कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर: सहकुटुंब सहलीचा एक दिवस कसा आखावा

सोलापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे आहे, त्यामुळे पहाटे निघून रात्री घरी परतण्याचा बेत मुलांसह मुळीच करू नये. एक दिवस जाण्यासाठी आणि एक दिवस येण्यासाठी धरून मधला संपूर्ण दिवस समुद्राला द्यावा. हा मधला दिवस भरती-ओहोटी पाहूनच आखावा लागतो, कारण ज्या खडकांवर सकाळी मुले खेकडे पाहत बसतात, तेच खडक दुपारी पाण्याखाली जातात.

म्हणून हॉटेल शोधण्याआधी तिथी निवडावी. त्यासाठी सोलापुरातच तयार होणारे दाते पंचांग पुरेसे आहे. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की, तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी साडेनऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि त्या दिवसांत पाणी सर्वांत दूर हटते. परंतु तेव्हा ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येते. अष्टमीला ती दुपारी बाराच्या सुमारास, डोक्यावर ऊन असताना येते आणि पाणीही फारसे हटत नाही. त्यामुळे कुटुंबासाठी तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे. त्यातही वद्य चतुर्थी टाळावी, कारण संकष्टीला गणपतीपुळ्यात मोठी गर्दी असते. हा हिशेब ठोकळ असल्याने निघण्यापूर्वी त्या तारखेचे भरतीचे वेळापत्रक आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा अवश्य पाहावा. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. पावसाळ्यात या खडकांवर उतरूच नये.

मार्ग सरळ आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असे जाऊन आंबा घाटाने साखरप्याला उतरावे आणि पुढे रत्नागिरी गाठावी. सात-आठ तास सहज लागतात, म्हणून सकाळी लवकर निघावे, म्हणजे घाट उजेडात उतरता येतो. वाटेत खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांसारखी टिकाऊ शिदोरी दुसरी नाही. मुक्काम गणपतीपुळ्याच्या परिसरात करावा.

सामानात प्रत्येकासाठी मागे पट्टा असलेल्या, पकड घेणाऱ्या सँडल हव्यात. साधी चप्पल शेवाळावर घसरते आणि अनवाणी पायांना खडकावरच्या कालवांच्या धारदार कडा कापतात. टोपी, भरपूर पिण्याचे पाणी, जखमेवरचे मलम, कपड्यांचा जादा जोड आणि टॉवेल एवढे पुरे.

सकाळी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी आरे-वारेच्या खडकाळ टोकाशी पोहोचावे. हा काळा कातळ आपल्या परिचयाचा आहे: सोलापूरची काळी माती ज्या बेसाल्टची झीज होऊन बनली, तोच दख्खनचा लाव्हाखडक येथे समुद्रापर्यंत आला आहे, आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, त्याचाच झिजून झालेला तांबडा जांभा दगड दिसतो. मुलांना हे तिथेच, दगडावर हात ठेवून सांगावे. खडकांतल्या डबक्यांपाशी सावली न पाडता काही मिनिटे स्थिर बसले की लपलेले खेकडे, छोटे मासे आणि हलणारे शंख दिसू लागतात, समुद्रफुले, म्हणजे फुलांसारखे दिसणारे खडकाला चिकटलेले सागरी प्राणी, उघडतात. उचललेला दगड हलकेच पूर्ववत ठेवावा. जिवंत शंख हातात घेऊ नये, कारण काही शंखांतील गोगलगायींचा दंश विषारी असतो. प्रवाळ तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

पूर्ण ओहोटीनंतर अर्ध्या तासात परतीला लागावे, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. भरती सुरुवातीला संथ चढते, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मे पाणी चढून जाते, आणि मागची वाट आधी बुडते. लाटांकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठे माणूस ठरवून ठेवावे.

जेवण आणि केशवसुतांच्या मालगुंडातील स्मारकाची धावती भेट आटोपून जयगडला जावे. तेथून फेरीबोटीने गाडीसह तवसाळला उतरून हेदवीला वेळेत पोहोचता येते. तिथली बामणघळ पाहायची ती भरतीलाच. कातळातील कमकुवत भेग लाटांनी कोरून तयार झालेल्या या अरुंद घळीत पाणी वेगाने घुसते, त्याला वर जाण्यावाचून वाट उरत नाही आणि मोठ्या आवाजासह फवारा उसळतो. कोरड्या खडकावर, काठापासून बरेच दूर उभे राहूनच तो पाहावा. ओला दिसणारा प्रत्येक दगड लाटेच्या टप्प्यातला समजावा.

परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून घ्यावी. रात्री मुक्कामी परतून दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढावा आणि घरी पोहोचल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा, कारण खाऱ्या पाण्याने पत्रा लवकर गंजतो.